आपलेच पैसे, पण हाताला लागेनात: जर्मनीत नवीन आलेल्यांसाठी

इथे आल्यावर पहिले दोन महिने घर शोधणं, आनमेल्डुंग (पत्त्याची सरकारी नोंदणी), पगाराचं खातं, विमा यातच निघून जातात. भारतातल्या बँकेचं काम "पुढच्या सुट्टीत बघू" म्हणून मागे पडतं. मीही तेच केलं. ते नडलं, म्हणून कळकळीनं सांगतेय.

आईला कोल्हापुरात अचानक दवाखान्यात दाखल करावं लागलं. माझ्या तिथल्या खात्यात साडेचार लाख रुपये होते, पण केवायसी झालेलं नाही म्हणून खातं बंद. भाऊ शाखेत गेला, तर "खातेदाराला घेऊन या". मी स्टुटगार्टला. ईमेलचं उत्तर चौथ्या दिवशी आलं: सही जुळत नाही. कॉलेजात असताना खातं उघडलं तेव्हा मी मराठीत सही करायचे, पासपोर्टवर इंग्रजीत आहे. काउंटरवरच्या माणसासमोर त्या दोन सह्या होत्या आणि आई आयसीयूत. मावसभावानं पैसे भरले. आपले पैसे असताना दुसऱ्यापुढे हात पसरावा लागला, ते मी अजून विसरलेले नाही.

तर पहिली गोष्ट. तुम्ही अनिवासी झालात की साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं साधं खातं, करून घ्यावं लागतं. घरभाडं, डिव्हिडंड, भारतातली कमाई सगळी त्यातच येते. इथला पगार पाठवायला वेगळं एनआरई खातं उघडा. एनआरईतले पैसे कधीही परत आणता येतात. एनआरओतून मात्र एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंतच, आणि त्यासाठी १५सीए, १५सीबी नावाने ओळखले जाणारे आयकराचे कागद मागतात. त्यातलं १५सीबी सीएकडून घ्यावं लागतं. गावाकडच्या छोट्या शाखेत हे काम रोज येत नाही, त्यामुळे जमीन किंवा फ्लॅट विकणार असाल तर सीए आधी गाठा, बँक नंतर.

एनआरओच्या व्याजावर ३० टक्के कर आणि वर सेस कापला जातो. भारत-जर्मनी करारानुसार तो १० टक्क्यांवर आणता येतो. त्यासाठी इथल्या फिनान्झआम्टकडून (कर कार्यालयाकडून) करनिवासाचा दाखला घ्यावा लागतो. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी जर्मनीत दाखवावं लागतं. हे अनेकांना माहीतच नसतं.

आता खरी डोकेदुखी: नाव. आपल्याकडे आडनाव, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असा क्रम बँकेत, पासपोर्टवर दुसराच, आणि इथल्या बँकेत तिसरा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना तर याचा फारच त्रास होतो. निघण्यापूर्वी पॅन, आधार, पासपोर्ट आणि बँक, चारही ठिकाणी नाव आणि सही एकसारखी करून घ्या. आपण इथे आलो की हेच काम अनेक महिने रेंगाळतं.

भारतातलं सिम बंद पडू देऊ नका. ओटीपी त्यावरच येतो. कमीत कमी रिचार्ज करत राहा आणि रोमिंगवर एसएमएस येतो का ते पाहा. काही बँका परदेशी नंबर जोडून देतात, तेही विचारा.

पत्त्याच्या पुराव्यासाठी मी आनमेल्डुंगचा कागद पाठवला, तो जर्मनमध्ये आहे म्हणून परत आला. इथल्या बँकेकडून इंग्रजीत स्टेटमेंट मागून घ्या. कागद साक्षांकित करायला आपल्या बाडेन-व्युर्टेम्बर्गवाल्यांना म्युनिकच्या भारतीय वकिलातीत जावं लागतं, म्हणून सगळे कागद एकाच फेरीत न्या.

पैसे पाठवताना इथली बँक आयबान, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मागते. भारतात आयबान नसतो. खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड द्या. तुमच्या शाखेचा स्वतःचा स्विफ्ट कोड नसेल तर कोणता वापरायचा ते शाखेकडून लेखी घ्या. मधली बँक शुल्क कापते, म्हणून शुल्क कोण भरणार हा रकानाही नीट वाचा.

आई-वडिलांपैकी एकाला 'पहिला किंवा हयात' या पद्धतीनं जोडखातेदार करा, शिवाय मँडेट (खातं चालवण्याचं अधिकारपत्र) देऊन ठेवा, म्हणजे तुमच्यासाठी तिथले स्थानिक व्यवहार त्यांना करता येतील. मग पन्नास युरो पाठवून बघा आणि ते जमा झाल्यावर आईला एटीएममधून काढायला सांगा. मी आता दर सहा महिन्यांनी हे करते.