पीएचडीसाठी प्रोफेसर शोधताय? मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

नागपुरात मानसशास्त्रात एमए करणारी मुलं अमेरिकेतल्या पीएचडीच्या तयारीला लागली की आधी विद्यापीठांची यादी काढतात. रँकिंग कसं आहे, शहर कोणतं, तिथं कुणी नातेवाईक आहे का. पहिली गफलत इथेच होते. तिकडे क्लिनिकल किंवा सोशल सायकॉलॉजीच्या बऱ्याच पीएचडी अभ्यासक्रमांत प्राध्यापक आपापल्या लॅबसाठी विद्यार्थी निवडतात. तुमच्या विषयाच्या प्राध्यापकांना त्या वर्षी कुणी घ्यायचंच नसेल, तर चांगले गुणही कामी येत नाहीत. म्हणून यादी माणसांची करा. पुढच्या फॉलसाठी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात सुरू होणाऱ्या सत्रासाठी, विद्यार्थी घेणार की नाही, हे अनेक जण लॅबच्या पानावरच लिहितात. अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी 1 डिसेंबरच्या आसपास असते, तेव्हा प्राध्यापकांना स्वतःची ओळख करून देणारा मेल ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच जायला हवा. दिवाळी उरकून बसलात तर फार उशीर होतो.

दुसरी चूक मेलमधली, आणि सगळ्यात जास्त नुकसान हीच करते. माझ्याकडे आलेल्या एका मुलीनं 'रिस्पेक्टेड सर, तुमच्या संशोधनानं प्रभावित झाले' असा एकच मजकूर तीस जणांना पाठवला होता. त्यातल्या काही तर मॅडम होत्या. उत्तर एकाचंही नाही. तिचा एमएचा प्रबंध होता अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या झोपेवर. मेलमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता! मग तिनं एकाच प्राध्यापिकेचे अलीकडचे तीन पेपर नीट वाचले. त्यांनी ज्यांच्यावर अभ्यास केला ती सगळी मुलं अमेरिकन कॉलेजातली. तिनं विचारलं, परीक्षेचा निकाल अख्ख्या घराचा प्रश्न असतो तिथं हे निष्कर्ष टिकतील का? सुरुवातीला 'डॉक्टर' आणि आडनाव, मजकूर जेमतेम दहा ओळी, सोबत सीव्ही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

उत्तर आलं नाही तर? दोन आठवडे थांबा, एकच छोटी आठवण पाठवा. त्यानंतर मागे लागू नका. मात्र ते विद्यार्थी घेत असतील तर अर्ज जरूर करा. आणि वेळ बघा: नागपुरात सकाळी 10 वाजता मेल पाठवलात तर सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे साडेबारा असतात. संध्याकाळी साडेसहाला पाठवलात तर तिथे सकाळचे 9.

अर्जात स्वतःच्या आजारपणाची कहाणी सविस्तर लिहिणं ही चूक मनाला लागते, कारण ती मुलं प्रामाणिक असतात. ॲपलबी आणि ॲपलबी या दोन संशोधकांनी 2006 मध्ये मानसशास्त्र विभागांच्या प्रवेश समित्यांच्या प्रमुखांची मतं मांडली. स्वतःच्या मानसिक आरोग्याचे तपशील देणं हे अर्जाला घातक ठरणाऱ्या गोष्टींत होतं. प्रेरणा एका वाक्यात सांगा, बाकी जागा संशोधनाच्या प्रश्नाला द्या.

इथेच पीएचडी करायची असेल तरी 'ओळखीचे सर आहेत' एवढ्यावर गाइड ठरवू नका. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार एकावेळी प्रोफेसरकडे 8, असोसिएट प्रोफेसरकडे 6 आणि असिस्टंट प्रोफेसरकडे 4 विद्यार्थी असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरली असेल तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. जागा रिकामी आहे का, हे आधी विचारा. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्यांच्या हाताखाली झालेले दोन प्रबंध उघडून बघा. आणि त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्याला चहाला गाठून एवढंच विचारा: लिहून दिलेलं प्रकरण किती दिवसांत वाचून परत मिळतं?