अस्तित्ववादी थेरपी: सेशनमध्ये नेमकं काय करायचं

अस्तित्ववादी थेरपीकडे वळणारे बरेच जण तत्त्वज्ञानाच्या वाटेनं येतात आणि पहिल्याच क्लायंटसमोर अडतात. हायडेगर वाचून झालेला असतो, सार्त्रही. पण समोरची बाई म्हणते, "संध्याकाळी घरी गेलं की जीव घुसमटतो," आणि आता काय विचारायचं ते सुचत नाही. त्यामुळे सिद्धांत इथे लागेल तेवढाच घेतला आहे.

या पद्धतीचं एकच असं घराणं नाही. स्वित्झर्लंडमध्ये बिन्सवांगर आणि बॉस, व्हिएन्नात फ्रँकल, अमेरिकेत रोलो मे आणि यालोम, लंडनमध्ये एमी व्हॅन ड्युर्झेन आणि स्पिनेली यांनी ती आपापल्या रीतीनं घडवली. सगळ्यांना मान्य असलेली गोष्ट अशी: त्रास म्हणजे दर वेळी बिघाडच असतो असं नाही. जगण्याच्या काही अटी कुणालाच चुकत नाहीत आणि त्यांच्याशी गाठ पडली की माणूस अस्वस्थ होणारच. यालोम यांनी आपल्या १९८० च्या 'एक्झिस्टेन्शियल सायकोथेरपी' या ग्रंथात अशा चार अटी मांडल्या: मृत्यू, स्वातंत्र्य, एकटेपण आणि अर्थहीनता. यांपैकी कोणती अट क्लायंटला सतावते आहे, ती टाळायला तो काय काय करतो आणि त्या टाळाटाळीची किती किंमत मोजतो, हे त्याच्यासोबत बसून पाहायचं असतं.

आधी वर्णन

सेशन साधारण ५० मिनिटांचं, आठवड्यातून एकदा. पहिली दोन-तीन सेशन्स "का?" हा प्रश्न शक्यतो टाळा. "का" विचारलं की माणूस कारणं जुळवू लागतो, आणि ती बहुधा आधीच घोटून ठेवलेली असतात. त्याऐवजी "काय होतं?", "कसं होतं?", "नेमकं कधी?" असं विचारा.

स्पिनेली यांनी हुसर्लच्या तत्त्वज्ञानातून घेतलेले तीन नियम इथे कामाला येतात. पहिला, आपले अंदाज बाजूला ठेवणं. घुसमटीचं ऐकताच तुमच्या मनात "नवऱ्याशी पटत नसणार" असं येईल. येऊ द्या, पण त्यावरून प्रश्न विचारू नका. सेशन संपल्यावर वहीत दोन रकाने करा: "तिनं सांगितलं" आणि "मी गृहीत धरलं". सुरुवातीला दुसरा रकाना भरभरून निघतो.

दुसरा नियम, स्पष्टीकरण न देता वर्णन करायचं. घुसमट कुठे जाणवते, छातीत की घशात? दार उघडल्यावर, की लिफ्टमध्येच? घरी कुणी नसेल तेव्हाही होते का? सुट्टीच्या दिवशी? तिसरा नियम, सगळ्या तपशिलांना सारखं वजन द्यायचं. नवऱ्याचा टोमणा महत्त्वाचा आणि पंख्याचा आवाज किरकोळ, हे तुम्ही ठरवू नका. कदाचित कळेल की घुसमट नवरा गावाला गेला की वाढते. मग तुमचा सगळा अंदाज उलटतो.

दर दहा-बारा मिनिटांनी ऐकलेलं थोडक्यात परत सांगा, शक्यतो तिच्याच शब्दांत, आणि विचारा, "बरोबर येतंय का?" ती दुरुस्ती करते तिथे थांबा. महत्त्वाचं बहुतेक त्या दुरुस्तीतच असतं.

चार जगांचा नकाशा

दोन-तीन सेशन्सनंतर पसारा वाढतो. तेव्हा व्हॅन ड्युर्झेन यांची चार जगांची चौकट वापरा: शरीर आणि भोवतालचं भौतिक जग, माणसांचं जग, स्वतःशी असलेलं नातं, आणि श्रद्धा-मूल्यांचं जग. एका कागदाचे चार भाग करा. प्रत्येक भागात क्लायंटला दोनच गोष्टी लिहू द्या: इथे मला काय हवं आहे, आणि कशाची भीती वाटते. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. एखादा चौकोन कोराच राहिला तर तो भरण्याची घाई करू नका, कोरा का वाटतो यावर बोला. नकाशा भरणं हाच उद्देश होऊन बसला तर ते फॉर्म भरणं होतं, थेरपी नव्हे.

स्वातंत्र्य आणि जबाबदारी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. "मला जमत नाही" असं क्लायंट म्हणाला तर यालोम त्याला तेच वाक्य "मी करत नाही" असं म्हणून पाहायला सांगतात. आपल्याकडे याची जुळी वाक्यं आहेत: "करावंच लागतं", "घरच्यांमुळे राहून गेलं", "माझ्या हातात काय होतं?" अशी वाक्यं कानावर आली की लगेच पकडू नका. तीन-चारदा येऊ द्या, मग हलकेच म्हणा: "हेच वाक्य 'मी ठरवलं'नं सुरू करून बघाल? पटलं नाही तर सोडून देऊ." पटलं नाही तर खरंच सोडून द्या.

माणूस कुठल्या घरात, जातीत, शरीरात जन्मला, हे तो निवडत नाही. मारहाण होणाऱ्या बाईला "तिथे राहणं ही तुमची निवड आहे" म्हणणं ही थेरपी नाही, क्रूरपणा आहे. आधी सुरक्षिततेचं बघा: जायला जागा, हातात पैसे, कायद्याची मदत. जबाबदारीचं बोलणं जिथे हालचालीला खरोखर वाव आहे तेवढ्यापुरतंच.

अपराधभावाचीही दोन रूपं वेगळी काढा. कुणाचं नुकसान केल्याची टोचणी असेल तर ते भरून काढायचा मार्ग शोधायचा. पण काही जणांना कुणाचंच वाईट केलेलं नसताना टोचणी लागते, कारण जगायचं राहून गेलेलं असतं. तिथे माफी मागून उपयोग होत नाही. "आजही ते करत नाही आहात, त्याचं काय?" हा प्रश्न तिथे लागू पडतो.

मृत्यू

यालोम यांचा एक साधा प्रयोग आहे. कोऱ्या कागदावर एक रेघ ओढायची, एक टोक जन्म, दुसरं मृत्यू. आपण आज कुठे आहोत तिथे फुली करायची आणि काही मिनिटं तिच्याकडे पाहत राहायचं. नुकतंच कुणी गेलं असेल किंवा आत्महत्येचे विचार असतील, तर हा प्रयोग करू नका. ज्याचं "नंतर बघू" वर्षानुवर्षं चाललं आहे, त्याच्या बाबतीत मात्र तो लागू पडतो. प्रयोगानंतर निदान वीस मिनिटं बोलायला राखून ठेवा.

अर्थ: शोधू द्यायचा, हातात द्यायचा नाही

फ्रँकल यांनी अर्थ सापडण्याचे तीन मार्ग सांगितले: काही घडवणं, काही वा कुणाला मनापासून अनुभवणं, आणि बदलता न येणाऱ्या दुःखाला आपण कसे सामोरे जातो ते. तिसरा मार्ग पहिले दोन बंद झाल्यावरच. टाळता येण्याजोगं दुःख सोसण्यात मोठेपणा नाही, हे फ्रँकल यांनीच स्पष्ट केलं आहे.

आपल्याकडचे समुपदेशक इथे हमखास घसरतात. क्लायंट रडू लागला की ज्ञानेश्वरीतली ओवी किंवा "त्यातूनही काही शिकायला मिळालं असेल" असं सांगून मोकळे होतात. तो अर्थ तुमचा असतो, त्याचा नाही. वारी, नामस्मरण, ओवी त्यानं स्वतःहून आणली तर जरूर घ्या, आणि विचारा की तिथे गेल्यावर त्याला काय होतं.

पद्धतीला आधार किती? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ ब्राइटबार्ट यांनी बळावलेल्या कॅन्सरच्या रुग्णांसाठी फ्रँकलच्या विचारांवर आठ गट-सेशन्सचा कार्यक्रम बेतला आणि त्याच्या रीतसर चाचण्या झाल्या. अस्तित्ववादी शाखांमध्ये अशा अर्थकेंद्री कार्यक्रमांचा पुरावा तुलनेनं भक्कम आहे. बाकीच्या शाखांचा तितका नाही, हे क्लायंटला सांगायला हरकत नसावी.

उलट्या इच्छेचं तंत्र

भीतीची भीती वाढत जाते तिथे फ्रँकल यांचं हे तंत्र चालतं. घाम फुटेल या भीतीनेच घाम फुटणाऱ्या एका तरुण डॉक्टरला त्यांनी सांगितलं, की आता लोकांना दाखवायचंच, किती घाम गाळता येतो ते. आतापर्यंत लिटरभर गाळला असेल, आता दहा लिटर. चार वर्षांचा त्रास आठवड्याभरात सुटला, असं फ्रँकल नोंदवतात.

आधी चक्र समजावून सांगा: भीती, त्यामुळे लक्षण, त्यामुळे आणखी भीती. मग जे टाळायचं तेच मुद्दाम, अतिशयोक्तीनं इच्छायला सांगा. झोप न येणाऱ्याला अंधारात उघड्या डोळ्यांनी जागं राहायचा प्रयत्न करायला सांगतात ते याच तत्त्वावर. यात विनोद हवाच, आणि तो क्लायंटला हसू फुटेल असा हवा. त्याला आपली चेष्टा होते आहे असं वाटलं, तर तंत्र तिथेच फसतं. आत्महत्येचे विचार, तीव्र नैराश्य किंवा भ्रम असतील तर हे अजिबात वापरू नका.

अशा लक्षणांत एकटी ही थेरपी पुरतही नाही. मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा, औषधं चालू ठेवून थेरपी करता येते. धोका तातडीचा नसेल पण रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक क्लायंटच्या फोनमध्ये आधीच सेव्ह करून द्या.

शेवट आधीच सांगा

थेरपी कधी थांबणार हे निदान तीन-चार सेशन्स आधी बोलून घ्या. शेवटून दुसऱ्या सेशनला एखादी नवी, मोठी समस्या हमखास पुढे येते. घाबरून तारीख लांबवू नका. "आपण संपवत असतानाच हे का निघालं असेल?" असं विचारा आणि तेवढंच सेशन त्याला द्या. मुद्दा खरंच स्वतंत्र असेल, तर महिन्याभराच्या खंडानंतर नव्यानं ठरवून बसता येतं.