मोहल्ल्यात अभ्यासिका कशी सुरू करावी

जालना जिल्ह्यातील शेलगावचे अन्सार शेख २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत ३६१ व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले, तर यवतमाळच्या अदिबा अनम यांनी २०२४ च्या परीक्षेत १४२ वा क्रमांक मिळवला. दोघांचेही वडील रिक्षाचालक. अशा निकालांनंतर जागोजागी सत्कार होतात, पण समोर बसलेल्या नववीतल्या मुलाला उद्या सकाळी नेमके काय करायचे, हे त्या सत्कारातून कळत नाही. ते सांगण्याचे काम मोहल्ल्यातील शिकलेल्या तरुणांनीच करायला हवे आणि त्यासाठी अभ्यासिकेइतके उपयुक्त साधन दुसरे नाही.

जागेसाठी उर्दू शाळेची खोली किंवा शादीखान्याचा कोपरा मागावा. मालेगाव, भिवंडीसारख्या ठिकाणी घर एका खोलीचे आणि शेजारी यंत्रमागाचा खडखडाट असतो, त्यामुळे शांत खोली, दिवा आणि पंखा एवढ्यानेही मुले येऊ लागतात. मुलींसाठी दिवसाची वेळ ठेवून ती जबाबदारी पदवीला असलेल्या एखाद्या आपाकडे सोपवावी. पालकांचा विश्वास तिच्यामुळे बसतो.

सर्वाधिक लक्ष कागदपत्रांकडे द्यावे. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी अशा अनेक मुस्लिम जाती महाराष्ट्रात इतर मागासवर्गात मोडतात, परंतु शाळेच्या दाखल्यावर बहुधा फक्त 'मुस्लिम' लिहिलेले असते आणि मुलगा खुल्या गटातून अर्ज भरून मोकळा होतो. जातीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणून आजोबांच्या किंवा चुलत आजोबांच्या शाळेत जाऊन दाखल-खारीज रजिस्टरचा (मुलांची नावे दाखल केल्याची आणि कमी केल्याची नोंदवही) उतारा काढावा, आणि हे काम दहावीच्या वर्षीच हाती घ्यावे, कारण दाखला, नॉन-क्रीमीलेअर (कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र) आणि पुढे जात पडताळणी यांत महिने जातात. ज्याने स्वतः हे हेलपाटे घातले आहेत, त्याने पहिल्या खेपेला मुलाबरोबर तहसील कार्यालयात जावे. हा आधार मला कोणत्याही भाषणापेक्षा मोलाचा वाटतो.

दुसरा अडसर मराठीचा. उर्दू माध्यमातील मुले गणितात चांगली असूनही पोलीस भरतीच्या १०० गुणांच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरणापाशी अडतात. रोज एक मराठी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून घ्यावे, शुद्धलेखन तपासावे, आणि समास-प्रयोग शिकवण्यासाठी जवळच्या मराठी शाळेतील शिक्षकांना विनंती करावी. मनापासून विचारले तर ते येतात.

सुरुवातीला ध्येय जवळचे असावे. गल्लीतला एक मुलगा शिपाई झाला, एक मुलगी परिचारिका झाली, की लोकसेवेचे नाव घेण्याचे धैर्य आपोआप येते. त्या पुढच्या टप्प्यासाठी मुंबईच्या हज हाऊसमधील निवासी प्रशिक्षणाची प्रवेश परीक्षा आणि तिची मुदत फलकावर लिहून ठेवावी, आणि जो निवडला जाईल त्याने सुटीत घरी आल्यावर आपल्या वह्या अभ्यासिकेत आणून द्याव्यात, असे आधीच ठरवून घ्यावे.