चरबीची साखर होत नाही: फर्स्ट इयरच्या बायोकेमिस्ट्रीबद्दल थोडं

अ‍ॅनाटॉमीत हाड हातात धरता येतं, फिजिऑलॉजीत निदान स्वतःची नाडी सापडते. बायोकेमिस्ट्रीत, म्हणजे शरीरातल्या रासायनिक क्रियांच्या विषयात, हाताला काहीच लागत नाही. म्हणून एमबीबीएसच्या फर्स्ट इयरला बहुतेक जण हा विषय शेवटच्या महिन्यावर ढकलतात आणि मग सायकली, म्हणजे शरीरातली रासायनिक चक्रं, पाठ करत बसतात. ग्लायकोलिसिस (साखर फोडण्याचा मार्ग), क्रेब्स (इंधन जाळून ऊर्जा देणारं चक्र), युरिया, सगळं रंगीत पेनांनी काढून भिंतीवर चिकटवलेलं. मीही त्यातलीच. आता याच विषयात एमडी करतेय, तरी ती भिंत आठवली की पोटात गोळा येतो.

स्पष्ट सांगते, पाठ करून पास व्हाल. पण पुढे मेडिसिनच्या वॉर्डात त्यातलं काही कामाला येणार नाही. पुस्तकात प्रत्येक मार्गाला वेगळं प्रकरण असतं, शरीरात मात्र सगळे मार्ग शेजारीशेजारी असतात. त्यातला कुठला चालू आणि कुठला बंद, हे समजायला तीन गोष्टी विचारा: माणूस जेवलेला आहे की उपाशी, आपण कुठल्या अवयवाबद्दल बोलतोय, आणि कुठला एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) अडलाय. उदाहरण घ्या. स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन (साठवलेली साखर) असतं, यकृतात जेमतेम १०० ग्रॅम. तरी रक्तातली साखर सांभाळतं ते यकृत, कारण साठ्यातलं ग्लुकोज रक्तात सोडायला लागणारा ग्लुकोज-६-फॉस्फेटेज हा एन्झाइम स्नायूंकडे नाही. त्यांचं ग्लायकोजेन त्यांनाच. हाच एन्झाइम यकृतातही नसेल तर बाळाची साखर दूध पिऊन काही तासांतच घसरते, यकृत फुगतं, लॅक्टेट आणि युरिक अ‍ॅसिड वाढतं. हा व्हॉन गिर्केचा आजार. १९५२ मध्ये कार्ल आणि गर्टी कोरी यांनी अशा रुग्णांच्या यकृतात नेमका हा एन्झाइम नसल्याचं दाखवलं. तिन्ही प्रश्न विचारले की ही लक्षणं पाठ करावी लागत नाहीत, कागदावर काढता येतात.

आता ज्या प्रश्नाने मला व्हायवात (तोंडी परीक्षेत) आडवं केलं तो. यावर जरा जास्तच बोलणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

माणूस चार दिवस उपाशी आहे, अंगात भरपूर चरबी आहे, तर तिची साखर का होत नाही?

फॅटी अ‍ॅसिड तुटून दोन-दोन कार्बनचं अ‍ॅसिटाइल-कोए होतं. साखर करायला यकृताला निदान तीन कार्बनचं पायरुवेट किंवा चार कार्बनचं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट लागतं. पायरुवेटचं अ‍ॅसिटाइल-कोए करणारा पायरुवेट डिहायड्रोजनेज हा एन्झाइम उलटा चालत नाही, म्हणून ती वाट बंद. इथपर्यंत सगळेच सांगतात. मग परीक्षक शांतपणे विचारतात, "पण अ‍ॅसिटाइल-कोए क्रेब्समध्ये जातं, तिथून ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट मिळतं, त्यापासून ग्लुकोज होतं. मग झालीच की साखर?" भिंतीवरच्या चित्रात बाण अगदी तसेच दिसतात. मी "हो सर" म्हणाले.

वही काढा आणि कार्बन मोजा. दोन कार्बनचं अ‍ॅसिटाइल चार कार्बनच्या ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटला मिळालं, सहाचं सायट्रेट झालं. आयसोसायट्रेटच्या पायरीला एक कार्बन डायऑक्साइड गेला, अल्फा-किटोग्लुटरेटच्या पायरीला दुसरा. उरले चार. चारच तर घातले होते! म्हणजे नवं ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट झालंच नाही, जुनं तेवढं परत मिळालं. तेही साखरेसाठी उचललं तर पुढची फेरी सुरू कशाने करणार? याहून चकवणारी गोष्ट म्हणजे चरबीतला कार्बन किरणोत्सारी करून दिला तर तो थोडाफार ग्लुकोजमध्ये सापडतोही. कारण पहिल्या फेरीत बाहेर पडणारे दोन कार्बन नव्याने आलेले नसतात, ऑक्झॅलोअ‍ॅसिटेटमधले जुने असतात. कार्बन पोचतो, पण साखरेत निव्वळ भर शून्य. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि परीक्षक मुद्दाम एकाच्या जागी दुसरा सरकवतात.

अपवाद दोन. चरबीतल्या ग्लिसरॉलची साखर होते आणि विषम कार्बनच्या फॅटी अ‍ॅसिडमधून येणाऱ्या प्रोपिओनिल-कोएची होते. बाकी जवळजवळ नाही. मोड येणाऱ्या भुईमुगाला मात्र हे जमतं: ग्लायॉक्सिलेट सायकल, म्हणजे क्रेब्सचीच एक आडवाट, कार्बन डायऑक्साइडच्या त्या दोन्ही पायऱ्या गाळून जाते. क्षयाच्या जंतूकडेही तिचे एन्झाइम आहेत, आणि शरीरात चरबीवर तग धरायला ते त्याला उपयोगी पडतात. आपल्याकडे ते नाहीत.

आता उपाशी माणसाकडे परत या. (उपाशी म्हणजे खरोखर उपाशी. साबुदाण्याची खिचडी खाऊन केलेला उपास बायोकेमिस्ट्रीत उपास नव्हे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च.) मेंदूला रोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं. यकृतातलं ग्लायकोजेन साधारण दिवसभरात संपतं. चरबीची साखर होत नाही, म्हणजे स्नायूंतली प्रथिनं मोडणं आलं. ते असंच चालू राहिलं तर माणूस फार दिवस टिकणार नाही, म्हणून यकृत चरबीपासून कीटोन बॉडीज (मेंदूला चालणारं पर्यायी इंधन) करतं. अनेक आठवडे उपाशी असलेल्या माणसांचा मेंदू इंधनाची बहुतांश गरज त्यांवर भागवतो, हे बॉस्टनमध्ये जॉर्ज केहिल यांच्या गटाने १९६७ मध्ये दाखवलं. कीटोन म्हणजे विष, असं लिहिलेल्या नोट्स फेकून द्या.

विष होतं ते इन्सुलिन नसताना. टाइप १ डायबिटीसच्या रुग्णाच्या रक्तात साखर ओसंडत असते, पण इन्सुलिन नाही म्हणून यकृत उपाशी असल्यासारखंच वागतं: साखरही करतं, कीटोनही करतं, थांबवणारं कोणी नाही. प्रॅक्टिकलला तुम्ही लघवीतले कीटोन ओळखणारी रोथेराची टेस्ट कराल, जांभळी रिंग येईल, जर्नल भराल, सही घ्याल, विसराल. विसरू नका. त्या टेस्टमधल्या नायट्रोप्रुसाइडला अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट कळतं, बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट हा दुसरा कीटोन कळत नाही. आणि किटोअ‍ॅसिडोसिसमध्ये (कीटोनमुळे रक्त आम्ल होतं तेव्हा) जास्त असतं ते नेमकं दुसरं. उपचार सुरू झाल्यावर त्याचं पुन्हा अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट होतं, त्यामुळे रुग्ण सुधारत असताना लघवीची पट्टी जास्त गडद येऊ शकते. हे माहीत नसलेला इंटर्न घाबरतो.

शॉर्टकटबद्दल विचारणार, म्हणून सांगते. एन्झाइमच्या आद्याक्षरांची वाक्यं बनवा, हरकत नाही, क्रम लक्षात राहतो. दुप्पट वेगाने व्हिडिओ बघणं मला वेळ घालवणं वाटतं, कारण कार्बन मोजायला हात लागतो. सिनियरने 'व्हेरी इम्पॉर्टंट' म्हणून खुणा केलेलं पुस्तक घेऊ नका. त्या खुणा त्याच्या भीतीच्या असतात. आणि गुरू शोधायचा तर नुसत्या लेक्चर हॉलमध्ये नको, लॅबमध्ये शोधा. रक्ताच्या नमुन्याच्या राखाडी झाकणाच्या बाटलीत फ्लोराइड असतं, ते ग्लायकोलिसिसमधला एनोलेज हा एन्झाइम अडवतं, नाहीतर तांबड्या पेशी नमुन्यातली साखर तासाला ५ ते ७ टक्के खातात. हे मी आधी पुस्तकात वाचलं होतं, समजलं ते आमच्या टेक्निशियन मॅडमनी नमुना परत पाठवला तेव्हा.

मराठी माध्यमातून आला असाल तर शब्दांनी गुदमरायला होईल. साधारण दिवाळीपर्यंत. नंतर नाही होत, खरंच. इथे भाषा थोडी आणि हिशेब जास्त आहे, आणि हिशेब तुम्हाला येतो.

विदर्भातल्या कॉलेजला नंबर लागला असेल तर तुमच्यासमोर अशी प्रकरणं येतील जी आम्ही स्लाइडवर पाहिली. सिकलसेलमध्ये (तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार) हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन, हे सगळे लिहितात. त्या रुग्णाची एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) का विश्वासाची नाही, हे विचारलं की वर्ग गप्प. तांबडी पेशी १२० दिवस जगेल हे त्या चाचणीत गृहीत धरलेलं असतं. इथे ती फार लवकर मरते, साखर चिकटायला वेळच मिळत नाही, आकडा खोटा कमी येतो. गडचिरोलीत मलेरियाच्या रुग्णाला प्रायमाक्विन देण्याआधी जी६पीडी हा एन्झाइम का बघायचा, याचं उत्तर मात्र मी देणार नाही. पेंटोज फॉस्फेट मार्गाचं पान उघडा, तांबड्या पेशीत मायटोकाँड्रिया नसतात हे आठवा, आणि एनएडीपीएच हा रेणू आणखी कुठून मिळेल ते शोधून बघा.