व्हर्च्युअल मशीनचा सर्व्हर दुसरीकडे, कारभार आपल्या डेस्कटॉपवरून

केव्हीएम म्हणजे लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारे आभासी संगणक) चालवायची सोय. तिच्या सर्व्हरवर डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या-आयकॉनवाला पडदा, चढवायची काहीच गरज नाही. व्हर्ट-मॅनेजर, म्हणजे या मशीन सांभाळायचं खिडकीवालं सॉफ्टवेअर, आपल्या लिनक्स संगणकावर टाका, 'फाइल' मेनूतून नवं कनेक्शन जोडा आणि एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायची पद्धत) दूरच्या होस्टला, म्हणजे त्या सर्व्हरला, जोडण्याचा पर्याय निवडा. तिथे युजरनेमच्या जागी बऱ्याचदा 'रूट' (सगळे अधिकार असलेलं खातं) आधीच भरलेलं असतं. ते खोडून आपलं साधं खातं घाला. मात्र ते खातं सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन हाताळायची परवानगी देणाऱ्या 'लिबव्हर्ट' ग्रुपमध्ये हवं, आणि ग्रुपमध्ये घातल्यावर एकदा लॉगआउट करून परत लॉगिन करायला विसरू नका. निम्मी डोकेदुखी इथेच असते.

एसएसएचची की (पासवर्डऐवजी ओळख पटवणारी फाइल) आधीच बसवून ठेवा. नाहीतर प्रत्येक जोडणीला, कन्सोल (व्हर्च्युअल मशीनचा पडदा) उघडतानाही, पासवर्ड विचारला जातो आणि माणूस वैतागतो.

नवीन व्हर्च्युअल मशीन बनवताना आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची प्रत) आपल्या डेस्कटॉपवर शोधत बसू नका. ती सर्व्हरच्या स्टोरेज पूलमध्ये (व्हर्च्युअल मशीनच्या फाइली ठेवायच्या जागेत) असावी लागते, तेव्हा आधी तिकडे कॉपी करा.

व्हर्ट-मॅनेजरची खिडकी बंद केली म्हणून मशीन बंद पडत नाही, ती सर्व्हरवर चालूच राहते. आणि 'फोर्स ऑफ' म्हणजे चक्क प्लग उपटणं. आधी साधं 'शट डाउन' करून पाहा.