ऑक्सिडाइज्ड एलडीएलची चाचणी: पैसे भरण्याआधी काय तपासाल?

हेल्थ पॅकेजच्या यादीत ‘ऑक्सिडाइज्ड एलडीएल’ (ऑक्सिडेशनने बिघडलेलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) दिसलं, तरी आधी घरातला लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट काढा आणि एक वजाबाकी करा. टोटल कोलेस्टेरॉलमधून एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, वजा केलं की उरतं ते नॉन-एचडीएल: एलडीएलसह सगळं घातक कोलेस्टेरॉल.

समजा टोटल २१०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड २४०. अनेक लॅब एलडीएल मोजत नाहीत, सूत्राने काढतात: २१० − ३८ − (२४० ÷ ५) = १२४. आकडा बरा वाटतो, रिपोर्ट फायलीत जातो. पण नॉन-एचडीएल १७२ आहे! एलडीएल १००च्या खाली हवं असेल, तर नॉन-एचडीएल १३०च्या खाली हवं. ट्रायग्लिसराइड ४००च्या वर गेलं की हे सूत्र चालतच नाही. थेट मोजलेलं एलडीएल मागा.

मग अपो-बी करा. एलडीएलच्या प्रत्येक कणावर हे प्रथिन एकच असतं, त्यामुळे कणांची मोजदादच होते. उपाशीपोटी जायची गरज नाही.

लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच, पण आनुवंशिक प्रमाणात असणारा कण) आयुष्यात एकदा तरी तपासा, घरात कमी वयात हार्ट अटॅक आलेला असेल तर नक्कीच. डेसिलिटरला ५० मिलिग्रॅम किंवा लिटरला १२५ नॅनोमोलच्या वर धोका वाढतो. रक्तातले ऑक्सिडाइज्ड फॉस्फोलिपिड (ऑक्सिडेशन झालेले स्निग्ध रेणू) मुख्यतः याच कणांवर असतात, म्हणजे ऑक्सिडेशनची बरीचशी बातमी इथेच मिळते.

एवढं झाल्यावरही ऑक्सिडाइज्ड एलडीएल करायचंच असेल, तर डॉक्टरांना एकच विचारा: आकडा जास्त आला तर औषध बदलणार का? ‘नाही’ म्हणाले तर पैसे वाचवा. खरं ऑक्सिडेशन रक्तवाहिनीच्या भिंतीत चालतं. रक्तात दिसणारा आकडा बराचसा एलडीएलबरोबरच वर-खाली होतो, म्हणून अपो-बी हाती असताना त्यातून नवं फारसं कळत नाही.

करणार असाल तर लॅबला विचारा, नमुना किती वेळात वेगळा करून गोठवता? नळीत रेंगाळलेल्या रक्तात ऑक्सिडेशन पुढे चालू राहू शकतं. किट बदललं की एकक आणि मर्यादाही बदलतात, म्हणून पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये करा. ताप किंवा संसर्ग असताना रक्त देऊ नका. बरं झाल्यावर दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

आकडा जास्त आला म्हणून ऑक्सिडेशन रोखायला ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणू नका. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत धोका असलेल्या साडेनऊ हजारांवर लोकांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट दिलं. सरासरी साडेचार वर्षांत हृदयविकार कमी झाला नाही. सिगारेट सोडा, आणि डॉक्टरांनी स्टॅटिन (एलडीएल कमी करणारं औषध) दिलं असेल तर ते नियमित घ्या. एलडीएलच कमी झालं की ऑक्सिडाइज व्हायला कच्चा मालही कमी उरतो.