वळीव पडला म्हणून ठिबक बंद करू नका

मे महिन्यात आपल्याकडे ऊन आणि वळीव पाठोपाठ येतात. दुपारी पारा ४१-४२ अंशांवर. चारनंतर आभाळ भरून येतं, आधी धुळीचा लोट, मग विजा, अर्धा-पाऊण तास सर, नशीब फिरलं तर गारा. दुसऱ्या दिवशी जरा गारवा, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच ऊन आणि वर उकाडा. डाळिंबाच्या बागा जातात त्या याच दिवसांत, आणि गारांपेक्षा बंद ठेवलेल्या ठिबकनं जास्त जातात.

सोलापूर जिल्ह्यात सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर, कुठंही बघा. सर पडली की मोटार बंद. ‘आठ दिवसांची सोय झाली’ म्हणत माणूस निवांत. सहाव्या-सातव्या दिवशी पानं मलूल दिसली की मग एकदम चार-पाच तास पाणी सोडतात, आणि पुढं फळ तडकलं की दुकानात जाऊन औषध विचारतात.

हिशेब करून बघा. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात उघड्या भांड्यातलं पाणी रोज १० मिलिमीटरच्या आसपास उडून जातं. आठ मिलिमीटरची सर म्हणजे एका दिवसाचं बाष्पीभवनसुद्धा नाही. काळ्या रानात ती वरच्या दोन-तीन बोटांत राहते, मुरमाड रानात टिकतच नाही. मल्चिंग पेपर असेल तर विचारूच नका, खोडाभोवती अंथरलेला हा प्लॅस्टिकचा कागद छत्रीसारखं पाणी दोन ओळींमधल्या चरात ढकलतो आणि खोडाजवळची माती कोरडीच. रान ओलं दिसतं, झाड तहानलेलं असतं.

म्हणून सर पडल्यावर सकाळी मोबाइलमधला आकडा बघू नका. महसूल मंडळाचं पर्जन्यमापक तुमच्या बांधापासून लांब असतं आणि वळीव या शिवारात पडतो, शेजारच्या शिवारात नाही. सरळ बाजूंचा डबा उघड्यावर ठेवा, पट्टीनं मोजा. मग झाडाखाली, ड्रिपरपासून हातभर अंतरावर, वीतभर खणा आणि माती मुठीत दाबा. गोळा झाला तर ओल आहे. भुगा झाला तर पाऊस पडलाच नाही असं समजून पाणी चालू ठेवा.

माझा ठोकताळा सांगतो. पुस्तकातला नाही, बांधावरचा आहे. १० मिलिमीटरच्या आत पाऊस, तर ठिबक नेहमीसारखं. १० ते २५, तर एक दिवस सुट्टी. २५ च्या वर, तर दोन दिवस थांबा आणि तिसऱ्या दिवशी खणून बघा. हलक्या रानात यातला एक दिवस कमी करा.

आंबिया बहाराच्या, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलवलेल्या, डाळिंबात हे का जिव्हारी लागतं? फळ फुगायच्या दिवसांत ओल तुटली की साल कडक होते, तिची ताण सोसायची ताकद जाते. मग पाणी एकदम मिळालं, ठिबकचं असो की पावसाचं, आत दाणे फुगतात आणि साल फाटते. म्हणजे ओल सारखी राखली तर पुढच्या मोठ्या सरीतही फळ बऱ्यापैकी वाचतं. पाणी पहाटे किंवा रात्री द्या, दुपारी काळ्या नळ्यांतलं पाणी तापलेलं असतं.

पाणी चालू, पण सरीनंतर युरिया आणि नत्राची विद्राव्य खतं चार-पाच दिवस बंद. कोवळी फूट निघाली आणि हवेत दमटपणा असला की तेल्या या जिवाणूंच्या रोगाला आयतं रान मिळतं. पाऊस थांबून पानं सुकल्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम प्रति लिटर फवारा. गारा लागल्या असतील तर हे चोवीस तासांच्या आत. फुटलेली, डागाळलेली फळं बागेत टाकू नका, बाहेर नेऊन नष्ट करा.

आता दुकानातलं. गारपिटीनंतर दोन दिवसांत ‘ताण सोडवणारं’, ‘थंडावा देणारं’, ‘तडकणं थांबवणारं’ अशा बाटल्या बागेच्या दारापर्यंत येतात, उधारीवरही मिळतात. तडकण्यासाठी बोरिक ॲसिड २ ग्रॅम प्रति लिटर पुरतं, आणि तेही ओल सांभाळली तरच. उन्हाच्या चट्ट्यांसाठी केओलिन (पांढऱ्या मातीची भुकटी) ५० ग्रॅम प्रति लिटर. सरीनं धुऊन गेलं तर पुन्हा फवारा. यापलीकडे कोणी काही गळ्यात मारत असेल तर आधी लेबलवर घटक वाचा. घटकच लिहिलेला नसेल तर पैसे खिशातच बरे.

बाकीची कामं थोडक्यात:

– ऊस: पाचट सरीत अंथरा. ताण असेल तर २ टक्के युरिया आणि २ टक्के म्युरेट ऑफ पोटॅश फवारा.
– केळी (करमाळा, टेंभुर्णी पट्टा): घडाच्या झाडांना आजच आधार. सरीनंतर पाणी बंद करायची चूक इथंही तेवढीच महागात पडते.
– कांदा: पात सुकवून सावलीत. ओला माल चाळीत भरू नये.
– कडबा: गंजी उंचवट्यावर, वर ताडपत्री.
– बेदाणा: रॅकवर माल असेल तर बाजूचे पडदे चारच्या आत खाली.
– जनावरं: अकरा ते चार सावलीत, पाणी सारखं समोर.
– खरीप: एका वळवावर पेरणी नको. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या.

आणखी एक. ‘उष्णतेची लाट’ जाहीर व्हायची वाट बघू नका. सपाट भागात पारा ४० च्या वर आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंश जास्त गेला, किंवा ४५ गाठला, तरच लाट म्हणतात. सोलापूरची मेची सरासरीच चाळिशीच्या पुढं असते, त्यामुळं ४३ अंशांत बाग होरपळते तरी कागदावर लाट नसते. आणि २०२५ साल डोक्यातून काढा. त्या वर्षी २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत पोचला होता. दरवर्षी तसं होईल या भरवशावर शेततळं रिकामं करू नका.

शेततळ्याची गरज आणखी एका कारणानं. वादळात खांब पडतात, लाईट दोन-दोन दिवस येत नाही आणि बाग नेमकी तेव्हाच सुकते. शेततळं भरून ठेवा, जमलं तर शेजाऱ्याचं डिझेल इंजिन आधीच बोलून ठेवा. आभाळ गडगडायला लागलं की चिंचेखाली, लिंबाखाली थांबू नका, जनावरंही झाडाला बांधू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप विजेचा इशारा देतं, ते घरातल्या एकाच्या तरी फोनमध्ये असू द्या. विजा चमकत असताना स्टार्टरला हात लावायचा नाही. लाईट आल्यावर तिन्ही फेज बघून, पेटी कोरडी आहे याची खात्री करून मगच मोटार चालू करा.